हाडाला रिकामं बसवू नका

हात मोडल्यावर प्लास्टर कापतात, तेव्हा दोन्ही हात शेजारी धरून बघावेत. मोडलेला हात केवढा बारीक झालेला असतो! स्नायूंना काम नव्हतं, ते वाळले. हाडाचंही असंच होतं, फक्त ते वरून दिसत नाही. बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे पुस्तकात मांडलं होतं. भार पडतो ते हाड घट्ट होत जातं, भार निघून जातो ते झिजतं.

आता मांडीच्या हाडात रॉड टाकलाय असं समजा. पाऊल टाकलं की भार हाड आणि धातू दोघांत वाटला जातो, पण जो जास्त ताठर, त्याच्याकडे मोठा वाटा जातो. हाडाच्या बाहेरच्या टणक भागाचा ताठरपणा साधारण १० ते ३० गिगापास्कल. पोलादाचा जवळपास २००. टायटॅनियममध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेला, वर्षानुवर्षं वापरातला मिश्रधातू घेतला, तरी ११०. ओझं रॉडच वाहतो आणि शेजारचं हाड विरळ होत जातं. कृत्रिम खुब्याच्या दांड्याभोवती असं झालं, तर सांधाच सैल होण्याची भीती.

मग धातू मऊ करायचा का? नाही. ताकद वेगळी, ताठरपणा वेगळा. वेताची छडी वाकते पण मोडत नाही. खडू वाकत नाही आणि कट्कन तुटतो. वर्षाला लाखो पावलं सोसायची, तर वेताचाच गुण हवा.

टायटॅनियममध्ये तो आणता येतो. नेहमीच्या तापमानाला या धातूचे अणू षटकोनी मांडणीत दाटीने बसलेले असतात. ८८२ अंश सेल्सिअसच्या वर ते घनाकृती, म्हणजे ‘बीटा’ मांडणी घेतात. नायोबियम, टँटलम पुरेसं मिसळलं की थंड झाल्यावरही बीटा टिकते, आणि प्रमाण नेमकं जुळलं तर धातू बराच लवचीक होतो. जपानमध्ये मित्सुओ निइनोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ टक्के नायोबियम, १३ टक्के टँटलम आणि ४.६ टक्के झिर्कोनियम घालून असा मिश्रधातू घडवला. ताठरपणा ६० गिगापास्कलच्या आसपास, शिवाय व्हॅनेडियमच्या विषारीपणाची काळजी मिटली. पण टँटलम महाग, आणि ते वितळतं ३०१७ अंशांना, तर टायटॅनियम १६६८ लाच. दोघांना एकजीव करणं हे जिकिरीचं काम. भट्टीत तापवून ताकद वाढवायला जावं, तर ताठरपणाही मागोमाग वाढतो.

मला सर्वांत भावलं ते त्यांचं पुढचं काम. पाठीचा वाकडा कणा सरळ करताना सर्जन ऑपरेशन टेबलापाशीच, हातातल्या अवजाराने, त्या रुग्णाच्या पाठीला हवं तसं वळण रॉडला देतात. लवचीक रॉड इथे दगा देतो. वाकवून सोडला की थोडा उलगडतोच. रुग्णाच्या पाठीला लवचीक रॉड हवा, सर्जनच्या हाताला ताठर. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातल्या निइनोमींच्या गटाने टायटॅनियममध्ये १२ टक्के क्रोमियम घालून हा पेच सोडवायला घेतला. हा रॉड जिथे वाकवावा, नेमक्या तेवढ्याच भागात अणूंची मांडणी सरकते, ‘ओमेगा’ नावाची रचना तयार होते आणि तिथला ताठरपणा वाढतो. तो भाग दिलेलं वळण धरून ठेवतो. बाकीचा रॉड पाठीबरोबर थोडा थोडा लवत राहतो.