भित्र्या आणि चावऱ्या कुत्र्याला समजून घेताना

पूर्वी आपल्याकडे कुत्रा असे तो वाड्याच्या दाराशी किंवा मळ्यातील वस्तीवर. अनोळखी माणूस दिसला की भुंकावे, प्रसंगी अंगावर धावून जावे, यासाठीच त्याला रोजची भाकरी मिळत असे. आज तोच प्राणी तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. दारावरची बेल दिवसातून दहा वेळा वाजते, कुरिअरवाला येतो, दूधवाला येतो, लिफ्टच्या पेटीत अनोळखी माणसे अगदी अंगाला खेटून उभी राहतात. कालपर्यंत जे त्याचे कर्तव्य होते, तोच आज अपराध ठरतो.

असा कुत्रा एखाद्यास चावला की घरातील मंडळी सहसा तीनांपैकी एक मार्ग धरतात. त्याला मारतात, कायमचा बांधून ठेवतात किंवा रात्री गाडीत घालून दूर कोठेतरी सोडून येतात. चौथाही एक मार्ग आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास केलेल्या सल्लागाराची मदत घेणे हा तो मार्ग. मोठ्या शहरांत असे सल्लागार आता मिळू लागले आहेत, परंतु ते नेमके काय करतात, याची माहिती आपल्या कुटुंबांत फारशी नाही. म्हणून हा लेख.

सांगलीतील माझ्या एका माजी सहकाऱ्याच्या घरी गेल्या वर्षी हा प्रसंग ओढवला. त्यांच्या संमतीने, नावे न देता लिहितो. घरात ते उभयता, मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. रस्त्यावरून आणलेला देशी कुत्रा मोती सहा महिन्यांचा असताना घरी आला, तेव्हा तो पलंगाखालून बाहेर येत नसे. वर्षभराने तो दाराकडे धावून भुंकू लागला. तिसऱ्या वर्षी एके दुपारी दार उघडे राहिले आणि तो कुरिअरच्या मुलाच्या पोटरीला चावला. दोन दिवसांत गृहनिर्माण संस्थेची नोटीस आली. मुलाचे मत पडले की कुत्रा एखाद्या आश्रयगृहात द्यावा. नातीने जेवण सोडले. आजी मात्र एकच प्रश्न विचारत होत्या, “उद्या पोरीलाच चावला तर काय करायचं?” हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर घरात कोणाकडेही नव्हते.

येथे प्रथम जखमी माणसाविषयी लिहिणे अगत्याचे आहे. कुत्रा चावताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असले काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून घरच्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून राहू नये. या कुटुंबाने त्या मुलाचा सारा खर्च केला आणि बुडालेल्या दिवसांची मजुरीही दिली.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांच्या जीवितास धोका किंवा जबर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणे, हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे. दुसरीकडे, गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे कुत्रा ठेवण्याचा अधिकार आहे आणि त्याच्यापासून शेजाऱ्यांना जपण्याची जबाबदारीही आहे.

पुण्याहून आलेल्या सल्लागार बाईंनी कुत्र्याला हात लावण्यापूर्वीच एक अट घातली, “आधी पशुवैद्यकांकडून तपासून घ्या.” वेदना हे चिडखोरपणाचे फार मोठे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. दुखणारा दात, सांधेदुखी, कानाचा संसर्ग, त्वचेची खाज यांपैकी काहीही असले तरी प्राणी ते बोलून दाखवू शकत नाही. तो स्पर्श टाळतो, आणि टाळता आला नाही तर दात दाखवतो. मोतीच्या एका कानात जुना संसर्ग निघाला. उपचारांनी कान बरा झाला आणि घरच्यांवरचे त्याचे गुरगुरणे थांबले. परक्यांची भीती मात्र तशीच राहिली.

त्यानंतर दोन तास केवळ प्रश्नोत्तरे झाली. तो काय खातो, कोठे निजतो, आजवर कोणाकोणावर धावला, त्या वेळी अंतर किती होते, त्याच्यामागे पळून जाण्यास वाट होती का? चावा किती गंभीर होता, हेही त्यांनी बारकाईने विचारले. पशुवैद्यक इयान डनबार यांनी चाव्यांची सहा पायऱ्यांची प्रतवारी केली आहे. पहिल्या पायरीवर कुत्रा झेपावतो, पण दात कातडीला लागत नाहीत. तिसऱ्या पायरीवर एकाच चाव्यात एक ते चार उथळ छिद्रे पडतात. सहाव्या पायरीवर मृत्यू ओढवतो. बँकेत कर्जखात्यांची प्रतवारी करतात, तिच्यामागे जो हेतू असतो तोच येथे आहे. धोका मोजल्याखेरीज उपाय ठरवता येत नाही. मोतीचा चावा तिसऱ्या पायरीचा ठरला.

मग नोंदवही सुरू झाली. हे काम माझ्या आवडीचे असल्याने तिचे रकाने मी आखून दिले : तारीख, वेळ, समोर कोण, अंतर, आधी काय घडले, कुत्र्याने काय केले, नंतर काय झाले. तीन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. त्यांतील बारा बेलशी संबंधित होत्या, तीन लिफ्टमधल्या आणि दोन फटाक्यांच्या. नातीच्या संदर्भात एकही नव्हती. ‘हा कधीही, कोणावरही उलटतो’ अशी जी घरातील समजूत होती, ती कागदावर टिकली नाही. आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वहीत मिळाले. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे मुलीसाठी नियम : कुत्रा खात असता, निजला असता जवळ जायचे नाही, त्याच्या गळ्यात पडायचे नाही, आणि मोठे माणूस खोलीत नसेल तर दोघांना एकत्र ठेवायचे नाही.

कुत्रा अकस्मात चावत नाही. त्याआधी तो बरेच काही सांगत असतो. झोप आलेली नसता जांभई देतो, ओठांवरून जीभ फिरवतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपटी पोटाखाली जाते, अंग ताठरते. याकडे कोणी लक्ष दिले नाही की तो गुरगुरतो, मग हवेत दात मारतो, आणि अखेरीस चावतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणे हा म्हणूनच घातक उपाय होय. माराने भीती जात नाही, फक्त सूचना देणे बंद होते, आणि पुढच्या खेपेस तो सूचना न देताच चावतो.

‘कुत्र्याला धाक हवा, त्याला मालक कोण ते दाखवून द्यावे’ हे मत आपल्याकडे सर्रास ऐकू येते. याचे मूळ लांडग्यांच्या एका जुन्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांमधील वर्चस्वाची भांडणे वर्णिली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना जगभर पसरली. पुढे रानातील लांडग्यांचे निरीक्षण केल्यावर मेक यांनीच १९९९ साली लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंबच असते. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनशास्त्र संघटनेने २०२१ च्या निवेदनात विजेचे पट्टे, काट्यांचे पट्टे आणि मारहाण नाकारून केवळ बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींची शिफारस केली आहे.

मग भीती घालवायची कशी? याचे तत्त्व माणसावरच्या प्रयोगातून आले आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाविषयीची भीती घालवल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचे खात असताना ससा प्रथम दूर ठेवला जाई आणि मग दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला जाई. कुत्र्याच्या बाबतीतही हेच करतात. भीतीची वस्तू इतक्या दूर किंवा इतकी सौम्य ठेवावी की तो तिची दखल घेईल, परंतु घाबरणार नाही. ती दिसताच किंवा ऐकू येताच उत्तम खाऊ द्यावा, आणि ती नाहीशी होताच खाऊही थांबवावा. तो घाबरलाच तर अंतर वाढवावे. घाई केली की मागे जावे लागते.

मोतीसाठी बेलचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून अगदी हळू वाजवण्यात आला. आवाज आला की आतल्या खोलीतील सतरंजीवर खाऊ मिळे. सहा आठवड्यांत आवाज हळूहळू खऱ्या बेलएवढा झाला. दरम्यान खऱ्या बेलचा प्रसंगच येऊ नये म्हणून ती बंद केली, पार्सले खाली पहारेकऱ्याकडे घेण्याची व्यवस्था केली आणि आतल्या दाराशी लहानसे फाटक बसवले. मळणीच्या बैलाला मुसके बांधतात, तसे जाळीचे मुसकेही त्याला हळूहळू सवयीचे केले. मुसके असे असावे की कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता याव्यात आणि पाणी पिता यावे. प्रथम त्यात खाऊ ठेवून तोंड आपणहून घालू द्यावे. बांधण्याची वेळ काही दिवसांनी येते.

खाऊचा प्रश्न आपल्या घरांत विशेष येतो, कारण प्रशिक्षक सर्रास मांसाचे तुकडे सुचवतात. येथे घरच्या पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे पुरेसे ठरले. बिया काढलेले सफरचंद आणि उकडलेला भोपळाही चालतो. कांदा आणि लसूण कुत्र्याला अपायकारक असतात; ते आपल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत मुळातच नसतात. परंतु सांगली-तासगावकडच्या घरी जे हमखास असतात, ते बेदाणे आणि द्राक्षे त्याला कदापि देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेल्या शुगर-फ्री गोळ्याही विषारीच.

काही प्राण्यांची भीती एवढी तीव्र असते की शिकवलेले आत शिरतच नाही. अशा वेळी पशुवैद्यक फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधे देतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच आहे, सल्लागाराचा नाही. माणसांसाठी घरात असलेली गोळी तर कधीही देऊ नये.

पहिल्या भेटीत आजींनी विचारले होते, “ताई, हा सुधारेल असं लिहून द्याल का?” त्या म्हणाल्या, “नाही आजी, तसं लिहून देता येत नाही. काय करायचं ते लिहून देते.” मला हे उत्तर पटले. आज आठ महिने झाले. मोती बेल वाजली की सतरंजीवर जातो. लिफ्टऐवजी जिन्याने उतरतो, बाहेर मुसके असते, पाहुण्यांना त्याला हात लावू दिला जात नाही. त्यानंतर एकही चावा झालेला नाही. तो परक्यांचा लाडका झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही. सोसायटीने नोटीस लेखी अटींवर मागे घेतली.

आपल्याकडे या व्यवसायास सरकारी परवाना लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून सल्लागार निवडताना चौकशी करावी. शिक्षण कोठे झाले? कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? पशुवैद्यकांबरोबर काम करता का? योजना आणि शुल्क लेखी देता का? कुत्रा महिनाभर आमच्याकडे ठेवा, दुरुस्त करून परत देतो, असे कोणी म्हणाल्यास सावध व्हावे. कुत्र्याची भीती ज्या घरात, ज्या दाराशी उद्भवते, तेथेच आणि घरच्या माणसांच्या हातूनच काम व्हावे लागते. आणि जो खात्रीची हमी देतो, त्याच्याकडे जाऊच नये.

काही घरांना एवढे करूनही प्राणी ठेवणे शक्य होत नाही. घरात तान्हे मूल असेल, किंवा चावे खोल आणि वारंवार असतील, तर वेगळे घर शोधण्यात कमीपणा नाही. मात्र नव्या माणसाला चाव्याची हकिकत पूर्ण सांगावी. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत रास्त कारणावाचून प्राण्याला सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

ज्यांना नव्याने पिल्लू आणायचे आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वयाच्या तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनावर फार खोल ठसा उमटवतो. त्या काळात निरनिराळी माणसे, आवाज आणि जागा यांची सौम्य ओळख झाली, तर पुढची बरीच भीती टळते. लसींचे वेळापत्रक सांभाळून हे कसे करावे, ते पशुवैद्यकांस विचारावे. आणि घरातील कुत्रा आज पहिल्यांदाच गुरगुरला असेल, तर सल्ला आजच घ्यावा, चावा होण्याची वाट पाहू नये.