साडेचार गिरक्यांचा ध्यास

मार्च 2011. जपानच्या सेंदाई शहरात भूकंप झाला तेव्हा 16 वर्षांचा युझुरू हान्यू बर्फावर सराव करत होता. पायांतले स्केट्स न काढताच तो बाहेर धावला. रिंक बंद पडली, तेव्हा ठिकठिकाणच्या आइस शोमध्ये त्याने सराव चालू ठेवला. पुढे 2014 आणि 2018 अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. पुरुष फिगर स्केटिंगमध्ये असं 66 वर्षांनी घडलं होतं.

मग त्याला ध्यास लागला चौपट ॲक्सलचा. ॲक्सल ही पुढे तोंड करून घ्यायची एकमेव उडी, पण उतरायचं पाठमोरं. म्हणून अर्धी गिरकी जास्तीची. हवेत जेमतेम पाऊण सेकंद मिळतो, म्हणजे सेकंदाला सहा गिरक्यांचा वेग हवा! तो येतो हात छातीशी घट्ट आवळल्याने. वस्तुमान अक्षाजवळ आलं की कोनीय संवेग तोच राहून वेग वाढतो. उतरताना हात पसरले की भिंगरी मंदावते. आणि हा सगळा भार झेलतो एकच पाय.

2022मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला हान्यूने ती उडी घेतली, पण तो पडला आणि चौथा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या 17 वर्षांच्या इलिया मालिनिनने ती स्पर्धेत प्रथमच साधली. मला मात्र हान्यूची ती पडलेली उडीच पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते.