आकृतिबंध-जुळणी : लिहिणाऱ्याची सोय व वाचणाऱ्याची सुगमता

संगणकाची आज्ञावली एकदा लिहिली जाते. परंतु दोष शोधताना, दुरुस्ती करताना अथवा नव्या व्यक्तीच्या हाती सोपविताना ती अनेकवार वाचावी लागते. म्हणून प्रोग्रॅमिंगच्या भाषेची वाक्यरचना ठरविताना लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सुगमता यांपैकी कशास झुकते माप द्यावयाचे, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. आकृतिबंध-जुळणीच्या संदर्भात त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आकृतिबंध-जुळणी म्हणजे हाती आलेल्या सामग्रीचे रूप अपेक्षित रूपाशी ताडून पाहणे व त्याच वेळी तिच्या भागांस नावे देणे. समजा, एका बिंदूचे दोन निर्देशक दिले आहेत. ‘(०, य)’ हा आकृतिबंध असे सांगतो की, पहिला निर्देशक शून्य असेल तरच जुळणी मान्य करावी. दुसरा कोणताही असो, त्यास ‘य’ म्हणावे. एकाच कंसातील दोन चिन्हांची कार्ये भिन्न आहेत : शून्य तुलनेसाठी आहे, तर ‘य’ ग्रहणासाठी. आता शून्याच्या जागी, ज्याचे मूल्य पूर्वीच ठरले आहे असे ‘सीमा’ हे नाव लिहिले तर त्याने तुलना करावयाची की ग्रहण? निरनिराळ्या भाषांनी याची उत्तरे निरनिराळी दिली आहेत.

१९८० मध्ये बर्स्टॉल, मॅक्क्वीन व सॅनेला यांनी एडिंबरो येथील ‘होप’ या भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत फलनाची व्याख्या अशा आकृतिबंधांच्या समीकरणांनी करता येत असे. पुढे हास्केल भाषेने हीच पद्धती स्वीकारली व नावाच्या आद्याक्षरावरून त्याचे कार्य ठरविले : आकृतिबंधात मोठ्या अक्षराने आरंभ होणारे नाव पूर्वघोषित रचनेचे, लहान अक्षराने आरंभ होणारे नव्या चलाचे. वाचकास अन्यत्र शोध घ्यावा लागत नाही.

परंतु याच भाषेत एक सोय अधिक होती. ‘(न + १)’ असा आकृतिबंध लिहिला असता एक किंवा त्याहून मोठी संख्या जुळे व ‘न’ला तिच्याहून एकाने लहान मूल्य मिळे. गणिती विगमनाशी त्याचे साम्य आकर्षक होते. तथापि कंस गाळून ‘न + १ = …’ असे लिहिल्यास ती ‘+’ या क्रियेचीच नवी व्याख्या ठरे. केवळ कंसाच्या जोडीने अर्थ पालटावा, हे वाचकाच्या दृष्टीने महाग होते. हास्केल २०१० या प्रमाणरूपातून ही सोय वगळण्यात आली.

एर्लांग भाषेत जुळणी करताना चलास आधी मूल्य मिळाले असेल तर तुलना होते, नसेल तर ग्रहण. म्हणजे एका ओळीचा अर्थ तिच्या वरील ओळींवर अवलंबून राहतो. एर्लांगच्याच यंत्रणेवर चालणाऱ्या इलिक्सिर भाषेने मात्र नाव नेहमी ग्रहण करील असे ठरविले, आणि तुलना हवी असल्यास नावापूर्वी एक टोपीसारखे चिन्ह लिहिणे आवश्यक केले.

पायथनने ही जुळणी ३.१० या आवृत्तीत, २०२१ मध्ये, स्वीकारली. तीत साधे नाव सदैव ग्रहण करते. तुलनेसाठी बिंदू असलेले संयुक्त नाव लागते. ‘सीमा’शी तुलना होईल या समजुतीने कोणी नुसतेच ‘सीमा’ लिहिले, तर ती शाखा वाटेल ते मूल्य स्वीकारते व ‘सीमा’चे पूर्वीचे मूल्य पुसले जाते. त्या शाखेनंतर दुसरी शाखा असल्यास भाषा दोष दाखविते. परंतु ती शाखा अखेरची असल्यास, किंवा ते नाव मोठ्या आकृतिबंधाच्या आत असल्यास, चूक निमूटपणे निसटते. लिहिणाऱ्याचे एक चिन्ह वाचते. वाचणाऱ्याचा दिवस खर्ची पडतो.

मराठी वाचकास यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेदच नाही. पायथनमध्ये देवनागरी नावे ३.० या आवृत्तीपासून (२००८) चालतात, कारण तेथे आद्याक्षरावर काही अवलंबून नाही. हास्केलचा जीएचसी हा कंपायलर मात्र अशा अक्षरांस लहान अक्षरांत गणतो. त्यामुळे रचनेचे नाव देवनागरी अक्षराने आरंभ करता येत नाही. अक्षरांच्या आकारावर आधारलेली सुगमता अशा रीतीने लिपीपुरती मर्यादित ठरते. स्वतंत्र चिन्हास ही मर्यादा नाही.

सारांश, संक्षेप हा स्वतः दोष नव्हे. ‘(०, य)’ संक्षिप्त असूनही स्पष्ट आहे. नावाचे कार्य त्या ओळीतच ओळखता येते किंवा नाही, हीच खरी कसोटी होय. आणि ती साधण्यासाठी एखादे चिन्ह अधिक लिहावे लागले, तर तो व्यय योग्यच मानावा.