चिनी मातीच्या लघुमूर्तींचें छायाचित्रण

पोथी हातीं येतांच संग्राहक प्रथम शेवटचें पान उलटतो. लेखक कोण, लेखनाचा शक कोणता, स्थळ कोणतें, हें पुष्पिकेंत सांपडतें. चिनी मातीच्या लघुमूर्तीसहि अशीच एक पुष्पिका असते. ती तिच्या तळाशीं असते, आणि छायाचित्र घेणारा नेमकी तीच वगळतो. या विषयाकडे आमच्या वाचकांचें लक्ष वेधावें म्हणून हें टिपण लिहीत आहों.

चंद्रपूर व १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली हे जिल्हे जंगलाचे म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु येथील जुन्या मालगुजारांच्या व वकिलांच्या घरीं कांचेच्या कपाटांत परदेशी चिनी मातीच्या बाहुल्या, अत्तरदाण्या, देवदेवतांच्या मूर्ति क्वचित् आढळतात. रविवर्म्याच्या चित्रांचा प्रसार झाल्यावर त्या धर्तीच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या मूर्ति जर्मनींत घडून हिंदुस्थानांत विक्रीस येत असत. मालगुजारी १९५१ सालीं संपली, घरें विभागलीं, वाडे पडले. दस्तऐवजांप्रमाणेंच या वस्तूंचीहि पांगापांग झाली.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं चंद्रपुरांतील एका वाड्यांत वीतभर उंचीची सरस्वती आम्हीं पाहिली व घाईनें एक छायाचित्र घेतलें. यंत्राचा दिवा मूर्तीच्या मुखावर चमकून तेथें पांढरा डाग उमटला. शेजारीं मापपट्टी ठेवली नाहीं. मूर्ति उलटून पाहिली नाहीं. पुढें वाडा विकला गेला आणि मूर्ति कोठें गेली याचा पत्ता लागला नाहीं. ती जर्मनीची, जपानची कीं एतद्देशीय, हें आतां त्या छायाचित्रावरून ठरवितां येत नाहीं. दोष सर्वस्वीं आमचा. तो इतरांकडून न घडावा.

तळावरील मुद्रेचें महत्त्व असें. अमेरिकेंत १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालण्याचा नियम लागू झाला. त्यामुळें तिकडे जाणाऱ्या जपानी वस्तूंवर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’ व त्यानंतर ‘जपान’ अशी अक्षरें येऊं लागलीं. ‘ऑक्युपाइड जपान’ ही मुद्रा दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतच्या परकीय अंमलांतील होय. तथापि केवळ मुद्रेवर विसंबूं नये. १७१० सालीं स्थापन झालेल्या माइसेन येथील कारखान्याच्या दोन तरवारींच्या चिन्हाची नक्कल अनेकांनीं केली आहे. नकलकारानें मूळ पोथीचा शक जसाच्या तसा उतरावा, तसाच हा प्रकार. म्हणून मुद्रेबरोबर सांच्याची शीव, भट्टींतील वाफेसाठीं ठेवलेलें छिद्र आणि तळाची लुकण नसलेली कडा, हींहि छायाचित्रांत आलीं पाहिजेत.

आतां कृति. लुकण दिलेला पृष्ठभाग आरशासारखा असतो. प्रकाश ज्या कोनानें पडतो त्याच कोनानें तो परावर्तित होतो. यास्तव यंत्राचा दिवा बंद ठेवावा. खिडकीवर पातळ पांढरें धोतर ताणून प्रकाश एका बाजूनें घ्यावा व दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. खोलींतील इतर दिवे मालवावे, नाहीं तर दोन प्रकाशांचे रंग मिसळतात. छायाचित्रकारानें स्वतः गडद कपडे घालावे. पांढऱ्या सदऱ्याचें प्रतिबिंब मूर्तीवर स्पष्ट दिसतें.

पांढऱ्या मूर्तीमागें पांढरें वस्त्र ठेवल्यास तिच्या कडा हरवतात; करडा कागद उत्तम. यंत्र तिपाईवर ठेवून निदान हातभर दूर राहावें. भ्रमणध्वनीनें अगदीं जवळून घेतल्यास नाक मोठें व कान लहान दिसतात. पांढरा रंग चौकटभर असेल तर यंत्र त्यास करडा करून टाकतें. अशा वेळीं प्रकाशमान किंचित् वाढवावें. प्रत्येक वस्तूच्या पुढून, मागून, दोन्ही बाजूंनीं, वरून व तळाची अशीं सहा छायाचित्रें घ्यावींत. त्यांत सेंटिमीटरची पट्टी व अनुक्रमांकाची चिठ्ठी असावी. शेवटीं एक छायाचित्र तिरप्या प्रकाशांत घ्यावें. त्यांत भेगा, जोड व झिजलेला सोनेरी मुलामा उघड होतो. मूर्ति उलटण्यापूर्वीं खालीं जाड मऊ कापड अंथरावें आणि तिला हातानें किंवा वीणेनें न धरतां धडानें धरावें.

हीच पद्धति या प्रदेशांतील मेणसांच्यानें ओतलेल्या पितळी मूर्तींस लागू आहे. तेथें तिरपा प्रकाश विशेष उपयोगी, कारण मेणाच्या दोऱ्यांच्या रेघा त्यांतच उठून दिसतात. चित्र चांगलें यावें म्हणून चिंचेनें घांसून मूर्ति उजळणें हा मात्र अपराध समजावा. तिच्यावरील काळिमा हा पुरावाच आहे. पूजेंतील देव घरच्यांच्या अनुमतीवांचून हलवूं नये, आणि तो कोणत्या गांवीं आहे हें छापूं नये. चोरांसहि वाचतां येतें.

१९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांची कलावस्तु पुरावस्तु ठरते. हस्तलिखितास ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं आलेल्या या बाहुल्यांपैकीं कांहीं आतां ती मर्यादा ओलांडीत आहेत. त्या कोणाकडून आल्या, केव्हां आल्या, हें घरांतील वृद्धांस विचारून छायाचित्राबरोबर लिहून ठेवावें व त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. सांगणारें माणूस गेलें आणि वस्तुहि गेली, म्हणजे मागें राहतें तें एवढेंच. आमच्या संग्रहांतील त्या सरस्वतीच्या मुखावरचा पांढरा डाग आम्हांस याची रोज आठवण देतो.