काच फुंकण्याची कला



अलिबाग, नागांव, रेवदंडा या आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर वाळूला तोटा नाहीं. काच वाळूपासून होते, मग या वाळूची काच कां करीत नाहींत, असें शाळेंतील मुलें नेहमीं विचारीत. उत्तर वाळूच्या काळसर रंगांतच आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आलेल्या या वाळूंत लोहाचे कण पुष्कळ असतात, आणि लोहाचा अल्प अंशही काचेला हिरवट करतो. स्वच्छ काचेला गारेची पांढरी वाळू लागते. ती कोकणांतच, पण दक्षिणेस, सिंधुदुर्गांतील कासार्डे भागांत सांपडते.

नुसती वाळू वितळविण्यास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. सोडा मिसळला म्हणजे ती बरीच कमी पुरते. परंतु वाळू आणि सोडा एवढ्यांचीच काच पाण्यांत विरघळते! म्हणून तिसरा घटक चुना. शंभर भागांत वाळूचे साधारण सत्तर, सोड्याचे पंधरा व चुन्याचे दहा भाग, असें हें मिश्रण भट्टींत तापून मधासारखा दाट रस होतो.

आतां फुंकणाऱ्याचें काम सुरू होतें. चार-पांच फूट लांबीच्या पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर तो रसाचा गोळा घेतो आणि नळी सारखी फिरवीत राहतो. हात थांबला कीं गोळा एका अंगास ओघळलाच. लोखंडी पाट्यावर गोळा लोळवून तो सारखा करतो, मग बेताची फुंकर घालतो. फुंकर जोराची झाली तर एक बाजू पातळ होते. उशीर झाला तर रस थिजतो. कंदिलाची काच करावयाची असल्यास फुगा ओल्या साच्यांत धरून फिरवितात. साच्यांतील पाण्याची वाफ मध्यें राहते व काचेवर सांध्याची रेघ उमटत नाहीं. शेवटीं दोन्ही टोकें कापून कडा आंचेवर गुळगुळीत करतात.

येथें काम संपलें असें वाटेल. पण खरी परीक्षा पुढेंच आहे. ही काच उघड्यावर ठेवली तर बाहेरचा थर आधीं थिजतो, आंतला मागून आकसूं पाहतो, आणि दोघांची ओढाताण काचेंत कायमची कोंडली जाते. म्हणून सुमारें ५०० अंशांच्या दुसऱ्या भट्टींत ठेवून ती हळूहळू निववावी लागते. पूर्वीं दिवा लावतांच काच तडकली म्हणजे घरच्या सुनेला बोल लागे. वास्तविक दोष पुष्कळदां तिच्या हाताचा नसे. कारखान्यांतील निवविण्याच्या घाईचा असे.

ही विद्या महाराष्ट्रांत रुजली ती लोकांच्या पैशानें. अंताजी दामोदर काळे यांनीं दरडोई एक पैसा मागून पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें. १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें त्या फंडाचा काच कारखाना निघाला. परदेशांत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथें काम उभें केलें. केवळ माल काढणें हा हेतु नव्हता. तरुणांस धंदा शिकविणें हाही होता. पुढें १९१६ सालीं ओगलेबंधूंनीं कराडजवळ कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोंचला. तो कारखाना बंद पडला. ओगलेवाडी हें गांवाचें नांव मात्र राहिलें आहे.

विजेचे दिवे आले, बाटल्या यंत्रें फुंकूं लागलीं, यांत खेद करण्याजोगें कांहीं नाहीं. भट्टीपुढें उभें राहणें सुखाचें काम नव्हतें. परंतु मिश्रणाचें प्रमाण पुस्तकांत उतरतें. रस कधीं उचलावा, फुंकर कोठें आवरावी, हें उतरत नाहीं. तें एका हातानें दुसऱ्या हातास शिकवावें लागतें, आणि एक पिढी मधली गळली कीं तो धागा तुटतो. उत्तर प्रदेशांत फिरोजाबादेस हें हातकाम अजून चालतें. तेथील वस्तु घेतांना यंत्राच्या मालाशीं भावाची तुलना करण्यापूर्वीं तींतील एखादा बारीक बुडबुडा जरूर पाहावा. जिवंत हाताची ती खूण आहे.