देहाची घडण आणि तिची मर्यादा

नव्या दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग हा कनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणारा वर्दळीचा रस्ता. पूर्वी तो कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. अशा गजबजलेल्या ठिकाणी वन्य जीवांचे काय काम, असे कोणासही वाटेल. परंतु याच रस्त्यावरून हेली रोडकडे वळले की ‘अग्रसेन की बावली’ ही जुनी पायविहीर लागते. तिच्या काळोख्या कमानींत वटवाघळे वस्ती करतात आणि वर आकाशात घारी घिरट्या घालीत असतात. हे प्राणी शहरात कसे तग धरून आहेत, याचे उत्तर पुष्कळसे त्यांच्या देहाच्या घडणीत सापडते.

वटवाघळाचा पंख म्हणजे वस्तुतः हातच होय. त्याची बोटे अतिशय लांब झालेली असून छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तशी त्यांवर पातळ कातडी ताणलेली असते. उलटे लटकताना देहाच्या भारानेच पायांतील कंडरा ताणल्या जातात व नख्या अडकून बसतात. त्यासाठी त्याला जोर लावावा लागत नाही, म्हणून झोपेतही पकड सुटत नाही. कीटक खाणाऱ्या जाती तर माणसाला ऐकू न येणारे ध्वनी काढून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंधारात भक्ष्याचा वेध घेतात. अशा प्राण्याला विहिरीची कमान डोंगरातील गुहेइतकीच सोयीची.

घारीचे पंख लांब व रुंद, अंग मात्र हलके. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर ती पंख न हलविता तरंगत राहते. दुभंगलेले शेपूट ती सुकाणूप्रमाणे वळविते, त्यामुळे झाडे, तारा आणि इमारती यांमधून वाट काढून पायांनी खाद्य उचलणे तिला सहज साधते. उंदीर, किडे, मांसाचे तुकडे, जे मिळेल ते तिला चालते.

ही घडण कोणा एका प्राण्याने प्रयत्नाने मिळविलेली नाही. उपयुक्त फरक घेऊन जन्मलेले जीव अधिक जगतात, त्यांची संतती वाढते, आणि असंख्य पिढ्यांनंतर तो फरक साऱ्या जातीचा होतो. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली मांडलेले नैसर्गिक निवडीचे तत्त्व ते हेच. प्राण्याचा देह हा गतकाळातील संकटांना मिळालेले उत्तर असतो. अगदी नव्या संकटाला त्याच्यापाशी उत्तर असेलच असे नाही.

याचा करुण दाखला गिधाडाचा आहे. एके काळी पांढऱ्या पाठीची गिधाडे दिल्लीतील मोठ्या झाडांवर घरटी करीत. कुजक्या मांसात खुपसावयाच्या त्यांच्या माना जवळजवळ पिसांविना असतात, आणि जठरातील तीव्र आम्ल अनेक घातक जंतूंचा नाश करते. परंतु गुरांच्या वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून पोटात जाताच गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. हे कारण पाकिस्तानातील संशोधनातून २००४ साली उघड झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील या जातीची संख्या इतकी घटली की हजारांमागे जेमतेम एक उरले. मुंबईत पारशी समाजाच्या डुंगरवाडीवरूनही गिधाडे दिसेनाशी झाली.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीला पंधरा वर्षांत नवा बचाव कोठून लाभणार? जे निसर्गाला इतक्या त्वरेने साधणारे नव्हते, ते माणसालाच करावे लागले. भारतात गुरांसाठी डायक्लोफेनॅकच्या वापरावर २००६ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध पुढे आले. हरियानात पिंजोर येथे त्यांचे संवर्धन सुरू झाले. २०२३ साली असिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन या औषधांचा गुरांसाठी होणारा वापरही थांबविण्यात आला.

कस्तुरबा गांधी मार्गावर आज घार टिकून आहे ती तिच्या देहाच्या बळावर. गिधाडाच्या देहातही बळ कमी नव्हते. ते पुन्हा शहराच्या आकाशात दिसावयाचे असेल, तर गोठ्यातील आजारी जनावराला कोणते औषध टोचले जाते, याकडे लक्ष ठेवावे लागेल.