वायूचा दगड होतो तेव्हा

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरच्या परिसरात विहीर खोदताना निघालेला काळा दगड हातात घेऊन पाहा. त्यात वाटाण्याएवढी छिद्रं दिसतात, काहींत पांढरे खडे गच्च बसलेले असतात. त्यातल्या कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. बाहेर पडतो तो दगडात अडकलेला कार्बन डायऑक्साइड! मग धुराड्यांतून निघणारा हाच वायू पुन्हा जमिनीत डांबता येईल का?

नेहमीचा मार्ग रित्या होत आलेल्या तेलक्षेत्रांचा. कोयली रिफायनरीतला वायू भरूचजवळच्या गंधार क्षेत्रात सोडण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने 2019 मध्ये करार केला. साधारण 800 मीटरखाली दाबामुळे वायू द्रवासारखा दाट होतो, खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतो, उरलंसुरलं तेल पुढे ढकलतो. वरच्या ज्या अभेद्य थराने लाखो वर्षं तेल अडवलं, तोच आता वायू अडवतो.

आपल्या भागात तेल नाही, पण तो काळा दगड, म्हणजेच बेसॉल्ट आहे. आइसलँडमध्ये 2012 साली वायू सोडावॉटरसारखा पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. त्या आंबट पाण्याने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं केलं आणि वायूशी संयोग होऊन खनिज बनलं. दोन वर्षांत 95 टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला! मला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. दगड गळत नाही.

पण आइसलँडचा खडक तरुण. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांचा, त्याची बरीच छिद्रं आधीच भरलेली. शिवाय या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात ते कुठून आणणार, हे आधी ठरवावं लागेल.